शरीराचे आकारमान, वायुविनिमय आणि चयापचय

सजीवाचे शरीर मोठे झाले की त्याची ऑक्सिजनची गरज आणि तो आत घेण्याची जागा यांचे प्रमाण बिघडते. श्वसनेंद्रियांची रचना व चयापचयाचा (अन्नातून ऊर्जा मिळवून ती वापरण्याच्या क्रियेचा) वेग या दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. या नोंदीतील उदाहरणे मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील आहेत. वायुविनिमयाचा, म्हणजे वायू शरीरात येण्याजाण्याचा, पृष्ठभाग ओलसरच असावा लागतो, त्यामुळे ऑक्सिजन घेताना पाणी जाते. आणि चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाच्या, कमी पावसाच्या या मुलखात पाण्याची ही किंमत फार जाणवते.

ऑक्सिजन वापरतात त्या पेशी घनफळात भरलेल्या असतात, पण तो आत येतो पृष्ठभागातून. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी व घनफळ १ घन सेंमी असते. बाजू १० सेंमी केली की पृष्ठफळ ६०० होते आणि घनफळ १,०००. म्हणजे प्रत्येक घन सेंमीच्या वाट्याला ६ ऐवजी ०.६ चौ. सेंमी पृष्ठभाग उरतो. आकार बदलून यातून थोडीफार सुटका होते. पिठाचा गोळा थापून भाकरी केली की पीठ तेवढेच राहते, पृष्ठभाग वाढतो; चपटकृमी याच युक्तीवर फुप्फुसांवाचून जगतात.

दुसरी अडचण अंतराची. वायू ऊतींतून विसरणाने, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप, पसरतात. विसरणाचे नियम जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडले. त्यांनुसार अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट लागतो. डॅनिश शरीरक्रियावैज्ञानिक ऑगस्ट क्रोग (नोबेल पारितोषिक १९२०) यांच्या हिशेबाप्रमाणे केवळ विसरणावर जगणाऱ्या प्राण्याची जाडी साधारण १ मिमीच्या आसपासच राहू शकते. त्याहून जाड प्राण्याला वाहतुकीची सोय करावीच लागते. गांडुळाला फुप्फुसे नाहीत, ते ओल्या त्वचेतून श्वास घेते. पण त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असते आणि ते ऑक्सिजन आतपर्यंत पोहोचवते. त्वचा सुकली की त्याचा श्वास संपतो. म्हणूनच उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात गांडूळ वर दिसत नाही, खाली ओल असेल तिथवर उतरते.

कीटकांचा मार्ग वेगळा. ज्वारीच्या ताटावर बसलेला नाकतोडा जवळून पाहावा : त्याचे पोट एका लयीत आकसते आणि फुगते. अंगाच्या दोन्ही बाजूंना मिळून श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. तिथून आत गेलेली हवा फांद्या फुटत गेलेल्या श्वासनलिकांतून थेट पेशींपर्यंत जाते. ऑक्सिजन वाहण्याचे काम रक्ताकडे नसतेच. लहान शरीरासाठी ही व्यवस्था अतिशय कार्यक्षम आहे. शरीर मोठे झाले की मात्र नळ्या लांबतात आणि त्यांनाच जास्त जागा लागते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा अधिक होता, म्हणून त्या काळी दोन फुटांहून अधिक पंखविस्ताराचे, चतुरासारखे कीटक होऊ शकले, असे एक मत आहे. ते आकर्षक असले तरी निर्विवाद नाही.

सस्तन प्राण्यांनी हा पृष्ठभाग घड्या घालून आत नेला. माणसाच्या फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांचे (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचे) पृष्ठफळ सुमारे ७० चौ. मीटर भरते. माशांची अडचण माध्यमाचीच आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलि. ऑक्सिजन असतो, तर ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे ५-६ मिलि. पाणी तापले की ऑक्सिजन घटतो आणि नेमका तेव्हाच माशाचा चयापचय वाढतो. उजनी धरणाच्या फुगवट्यात आढळणाऱ्या मरळीला कल्ल्यांजवळ हवेतून श्वास घेण्याची जादा पोकळी असते, त्यामुळे तळी आटत आली तरी ती तग धरते.

चयापचयाचा भाग यापुढचा, आणि माझ्या मते अधिक विलक्षण. जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक माक्स रुबनर यांनी १८८३ मध्ये लहानमोठ्या कुत्र्यांवर मोजमापे करून ठरवले की शरीरातून बाहेर पडणारी उष्णता पृष्ठफळाच्या प्रमाणात, म्हणजे वजनाच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे, असते. १९३२ मध्ये माक्स क्लायबर यांना मात्र विश्रांत चयापचय वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताप्रमाणे वाढतो (वजन १६ पट झाले तर तो ८ पटच होतो) असे आढळले. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराला शोभेल असे उदाहरण घ्यावयाचे तर ४०० किलोच्या खिलार बैलाच्या वजनात २५ किलोच्या १६ शेळ्या बसतात. पण नुसते जिवंत राहण्यासाठी त्याला लागणारी ऊर्जा ८ शेळ्यांएवढीच असते. आकड्यांत, बैलाला दिवसाला सुमारे ६,२६० किलोकॅलरी आणि एका शेळीला सुमारे ७८०. किलोमागे पाहिले तर शेळी बैलाच्या दुप्पट वेगाने जळते. वजनाच्या मानाने शेळीला चारा जास्त लागतो, यामागचे एक मोठे कारण हेच. उंदराच्या पेशींच्या वेगाने बैलाच्या पेशी काम करू लागल्या, तर ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याची कातडी उकळत्या पाण्याहून तापावी लागेल, असा हिशेब निघतो. हृदयाचे ठोकेही याच चालीवर पडतात : हत्तीचे मिनिटाला सुमारे ३०, उंदराचे ५०० हून अधिक. तीन-चतुर्थांशच का, याचे एक स्पष्टीकरण वेस्ट, ब्राउन व एन्क्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये रक्तवाहिन्यांसारख्या शाखायुक्त जाळ्यांच्या आधारे दिले. घातांक दोन-तृतीयांश की तीन-चतुर्थांश, हा वाद मात्र मिटलेला नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हा फरक उन्हात दिसतो. दुपारी चंडोल चोच उघडून धापा टाकतो, पंख अंगापासून दूर धरतो आणि दगडाच्या वा गवताच्या सावलीला टेकतो. जेमतेम काही ग्रॅमच्या त्या शरीरात पाण्याचा साठा थोडा, श्वासाचा वेग मोठा. आता क्वचितच दिसणाऱ्या माळढोकाचा नर दहा किलोच्या पुढे जातो. त्याचे शरीर सावकाश तापते व वजनाच्या मानाने कमी पाणी गमावते. तान्ह्या मुलांनाही उन्हाळा लवकर बाधतो त्याचे एक कारण हेच आहे. नवजात बालक मिनिटाला ३० ते ६० श्वास घेते, प्रौढ माणूस १२ ते २०. वजनाच्या मानाने बालकाची त्वचाही अधिक असते.

वनस्पतींनी पृष्ठभाग बाहेरच पसरला आहे. ज्वारीचे पान पातळ, त्यामुळे विसरणाचे अंतर कमी. पर्णरंध्रे (वायूंच्या येण्याजाण्याची सूक्ष्म छिद्रे) दोन्ही बाजूंना. ओल कमी झाली की पान लांबीच्या दिशेने वळते आणि रंध्रे मिटतात. पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही अडतो, पण ज्वारी हा वायू पानातल्या पानात साठवून दाट करणाऱ्या सी-४ गटातील असल्याने, थोड्या उघड्या रंध्रांवरही तिचे प्रकाशसंश्लेषण चालू राहते. पावसानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर इथली रब्बी ज्वारी दाणा भरते, ती याच्या बळावर.