सांधे बघा, कमान कळेल

दिल्लीच्या कुतुब संकुलात लोहस्तंभापाशी कायम गर्दी असते. ‘दीड हजार वर्षं न गंजलेलं लोखंड, आजच्या विज्ञानालाही न उलगडलेलं कोडं’ असे मेसेज फिरत राहतात, त्याचा हा परिणाम. ते कोडं बरंचसं सुटलेलं आहे. या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरतो. स्तंभाला पाठ लावून मागून हातांची मिठी घातली की इच्छा पूर्ण होते, ही समजूत तर निव्वळ भाबडी. तिच्यापायी स्तंभ इतका घासला गेला की १९९७ साली त्याभोवती कुंपण घालावं लागलं.

मला त्या आवारात सर्वांत मोलाची वाटते ती स्तंभाजवळची कमानींची उंच भिंत. कुव्वतुल इस्लाम मशिदीपुढची ही भिंत कुतुबुद्दीन ऐबकानं ११९९च्या सुमारास उभी केली. मधल्या कमानीची रुंदी सुमारे २२ फूट. जवळ जाऊन दगडांमधले सांधे बघा. कमानीची कड वळत वर जाते, सांधे मात्र आडवेच राहतात. म्हणजे आकार कमानीचा असला तरी बांधणी कमानीची नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत दोन्ही बाजू मध्यावर भिडवल्या आहेत.

यात अडचण कुठे येते ते विटांवर कळतं. एकसारख्या विटा टेबलाच्या कडेला रचा. सर्वांत वरची वीट खालचीच्या बाहेर जास्तीत जास्त अर्धी जाईल, तिच्या खालची चतुर्थांश, मग एक षष्ठांश, मग एक अष्टमांश. बेरीज २५/२४, म्हणजे चार विटांत वरची वीट टेबलाच्या पूर्ण बाहेर! पण दोन विटांइतकं बाहेर जायला ३१ विटा लागतात आणि तीन विटांइतकं जायला २२७. भिंतीत दगडाच्या मागच्या टोकावर वरचं वजन असतं, म्हणून तो याहून पुढे काढता येतो. पण मग पुढे आलेल्या दगडाच्या वरच्या अंगाला ताण बसतो. दगड प्रचंड दाब सोसतो, ताणानं मात्र चटकन तडकतो.

खऱ्या कमानीत हा ताणच टाळलेला असतो. पाचरीच्या आकाराचे दगड, सगळे सांधे केंद्राकडे रोखलेले, माथ्यावर कळीचा दगड. वरचं वजन दगडादगडांतून दाबाच्या रूपानंच खाली उतरतं. लोंबती साखळी उलटी केली की कमानीचा योग्य आकार मिळतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं १६७५ साली मांडलं. साखळीत फक्त ताण असतो, उलट्या आकारात फक्त दाब. मात्र कमान पायथ्याशी बाहेरच्या बाजूला रेटा देते. भार सारखा पसरलेला असेल तर हा आडवा रेटा = दर मीटरचा भार × गाळ्याचा (दोन पायथ्यांमधल्या अंतराचा) वर्ग ÷ (८ × कमानीची उंची). गाळा दुप्पट केला की रेटा चौपट होतो, उंची दुप्पट केली की निम्मा. टोकदार, उंच कमानीचा फायदा इथे आहे.

भारतात तोवर खरी कमान कुणाला ठाऊकच नव्हती, हे सरसकट विधान चुकीचं आहे. उत्तर प्रदेशातल्या भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या मंदिरात ती आहे. पण दगडी बांधकामात आपल्या गवंड्यांची हुकमत खांब, तुळया आणि पुढे काढलेल्या थरांवर होती. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात मंडपाचं छत बघा. तिथे थर वर्तुळात असल्यामुळे कड्यातले दगड एकमेकांना अडवून धरतात. सपाट भिंतीतल्या कमानीला ही सोय नाही. कुव्वतुल इस्लाम मशिदीत २७ मंदिरांचं सामान वापरल्याचं तिच्या पूर्वेकडच्या दारावरच्या लेखातच नोंदलेलं आहे. काम करणारे हातही इथलेच होते, त्यांनी हुकमाबरहुकूम नवा आकार जुन्या रीतीनं साधला.

याच संकुलात सुलतान इल्तुतमिशच्या कबरीत (सुमारे १२३५) चौकोनावर घुमट बसवण्यासाठी कोपऱ्यांत कमानी आहेत. त्यांचेही थर पुढे काढलेलेच. तो घुमट आज उरलेला नाही. जवळच्या मेहरौलीत सुलतान बल्बनच्या कबरीत, १२८७च्या सुमारास, पाचरीच्या दगडांची खरी कमान दिसते.

मग १३११ चा अलाई दरवाजा, म्हणजे कुतुब संकुलातलंच मशिदीचं दक्षिणेकडचं घुमटाचं प्रवेशद्वार. देवगिरीवर १२९६ साली चालून आलेला तोच अलाउद्दीन खिलजी याचा बांधणारा. इथे सांधे किरणांसारखे पसरतात. कोपऱ्यांतल्या कमानी चौकोनाचा अष्टकोन करतात आणि वर खरा घुमट पेलतात. रेटा रोखायला भिंती तीन मीटरहून जाड ठेवल्या आहेत. मंगोल आक्रमणांमुळे पश्चिमेकडून आलेल्या कारागिरांचा यात हात असावा, असं इतिहासकार मानतात. कमानीच्या आतल्या कडेला मात्र कमळकळ्यांची झालर आहे आणि ती कोरणारी छिन्नी इथलीच वाटते.