डोळा कुठे टेकवायचा? नेत्रिकेवरच्या आयकपची पार्श्वभूमी

नव्या आयपीसचा, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगसंचाचा (नेत्रिकेचा), विषय निघाला की नाभीय अंतर, दृश्यक्षेत्र, काचेवरचे लेप यांवर तासभर बोलणं होतं. वरचा रबरी आयकप, म्हणजे डोळा टेकवायची वाटीसारखी कड, गृहीत धरलेला असतो. निरीक्षणाला बसल्यावर मान अवघडते, प्रतिमेवर काळ्या सावल्या नाचू लागतात, तेव्हा कुठे त्याच्याकडे लक्ष जातं. खरं म्हणजे बराच काळ दुर्बिणीला असल्या आयकपची गरजच नव्हती. ती निर्माण झाली नेत्रिका सुधारत गेल्यामुळे.

गॅलिलिओने १६०९ मध्ये आकाशाकडे वळवलेल्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल होतं. या रचनेत डोळ्याची बाहुली जिथे असायला हवी, ती जागा नळीच्या आतच पडते. डोळा तिथे नेणं अशक्य, म्हणून तो भिंगाला जमेल तितका चिकटवायचा, एवढाच उपाय होता. वीसपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पूर्ण चंद्रही एका वेळी मावत नसे. साधारण निम्मा दिसे.

१६११ मध्ये केप्लरने डोळ्याकडे बहिर्गोल भिंग सुचवलं आणि ही जागा काचेच्या बाहेर आली. ती पाहायची असेल तर दिवसा, सूर्यापासून चांगली लांब, दुर्बीण उजळ आकाशाकडे रोखा आणि नेत्रिकेवर पातळ कागद धरून वर-खाली करा. एका ठिकाणी कागदावर प्रकाशाचा ठिपका सर्वांत लहान आणि रेखीव होतो. तो ठिपका म्हणजे एक्झिट प्यूपिल आणि शेवटच्या काचेपासून कागदापर्यंतचं अंतर म्हणजे आय रिलीफ. इंग्लंडमधला यंत्रकार जेसी रॅम्सडेन याच्या नावाने हा ठिपका आजही ओळखला जातो. डोळ्याची बाहुली नेमकी त्या ठिपक्यावर बसली तरच पूर्ण क्षेत्र उजळ दिसतं. पुढच्या साऱ्या सुखसोयी या एका अटीभोवती फिरतात.

सतराव्या शतकात हायगेन्सची दोन भिंगांची नेत्रिका आली, १७८० च्या दशकात रॅम्सडेनची. १८४९ मध्ये केल्नरने, १८६० मध्ये व्हिएन्नाच्या प्लॉसलने आणि १८८० मध्ये आबेने आपापल्या रचना मांडल्या. प्रतिमा सुधारत गेली, पण आय रिलीफ नाभीय अंतराला बांधलेलं राहिलं. प्लॉसलमध्ये ते नाभीय अंतराच्या साधारण ७० ते ८० टक्के असतं. म्हणजे २५ मिलिमीटरच्या आयपीसवर डोळा आरामात राहतो आणि ६ मिलिमीटरच्या आयपीसवर जेमतेम साडेचार मिलिमीटर हाती लागतात. पापण्या काचेला घासतात, त्यांचा तेलकटपणा लेपावर उमटतो. जुन्या पितळी नेत्रिकांवर म्हणूनच कप नसायचा. मधोमध लहान भोक असलेली चपटी टोपी असायची. डोळा मधोमध नेमका कुठे ठेवायचा ते भोक सांगे आणि काचेपासूनचं अंतर टोपीच्या जाडीने ठरे. या टोपीच्या जागी सूर्य पाहण्यासाठी काळी काच बसवण्याचीही पद्धत होती. नाभीजवळच्या उष्णतेने ती काच तडकू शकते, आणि तेव्हा डोळा तिच्या अगदी मागेच असतो. अशी काच जुन्या पेटीत सापडली तर वापरू नका.

चांगलं दिसायचं तर अंतराइतकाच अंधारही लागतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० च्या शोधनिबंधात लिहून ठेवलं आहे की मंद वस्तू पाहण्याआधी डोळ्याला वीसेक मिनिटं अंधारात ठेवावं लागतं. चाळीस फुटी दुर्बिणीत व्याधाचा तारा जवळ येऊ लागला की पहाट फुटल्यासारखा उजेड पसरे आणि शेवटी त्याला डोळा काढून घ्यावा लागे, हेही त्याच निबंधात आहे. दृष्टिपटलातल्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना पूर्ण संवेदनशील व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि बाजूचा एखादा दिवा ती कमाई क्षणात घालवतो. डोक्यावरून काळं कापड घेऊन बसणं हा यावरचा जुना उपाय. तो आजही रबराच्या कोणत्याही कपापेक्षा सरस आहे, असं माझं मत आहे, फक्त उकडतं.

रबर रुळलं ते विसाव्या शतकात, आणि त्यात लष्करी उपकरणांचा वाटा मोठा. पहिल्या महायुद्धाच्या काळात झाइस या जर्मन कंपनीतल्या हाइनरिख एर्फ्लेने साठ अंशांहून रुंद क्षेत्राची नेत्रिका रचली. तोफा, रणगाडे आणि पेरिस्कोप यांच्या दर्शिकांना तर रबराशिवाय गत्यंतर नव्हतं: धक्क्याने धातूची कड भुवईवर आपटायची. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी सुटी भिंगं आणि नेत्रिका हौशी लोकांच्या हाती आल्या.

चष्म्याचा प्रश्न आधी द्विनेत्रींनी (बायनॉक्युलर्सनी) हाताळला. झाइसने १९५० च्या दशकात चष्मेवाल्यांसाठी वेगळ्या नेत्रिकांचं मॉडेल काढलं. नावापुढचं 'बी' हे अक्षर त्याची खूण. कप दुमडला की चष्म्याची काच आत बसते, उघडला की उघड्या डोळ्याला आधार मिळतो. दुर्बिणीत मात्र चष्मा प्रत्येकाला लागतोच असं नाही. साधा प्लस किंवा मायनस नंबर फोकसच्या चाकाने भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेचा दोष, तसा निघत नाही. त्यातही एक्झिट प्यूपिल लहान असेल, मिलिमीटरभर वगैरे, तर बुबुळाचा फार छोटा भाग वापरात येतो आणि दोष जाणवत नाही. मोठ्या शक्तीला चष्मा काढा, कमी शक्तीला ठेवा, हा सल्ला त्यातून आला. एक्झिट प्यूपिल काढणं सोपं आहे: आयपीसच्या नाभीय अंतराला दुर्बिणीच्या एफ-गुणोत्तराने (दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले तिच्या मुख्य भिंगाचा किंवा आरशाचा व्यास) भागायचं. एफ/५ दुर्बिणीत २५ मिलिमीटरचा आयपीस ५ मिलिमीटर देतो, ५ मिलिमीटरचा १ मिलिमीटर.

खरी कलाटणी १९८० च्या आसपासची. अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या सिम्युलेटरसाठी (सरावयंत्रासाठी) भिंगांची रचना केलेल्या अल नॅगलर यांनी ८२ अंश क्षेत्राची नेत्रिका बाजारात आणली. दृश्य डोळे दिपवणारं होतं, पण पहिल्या पिढीत एक खोड होती: चंद्र पाहताना किंवा दिवसा क्षेत्रात घेवड्याच्या दाण्यासारखी काळी सावली फिरायची. क्षेत्राच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे किरण एकाच अंतरावर एकवटत नव्हते, त्यामुळे बाहुलीला नेमकी एक जागा सापडत नसे. पुढच्या आवृत्त्यांत हा दोष बराच कमी झाला.

मग १९९० च्या दशकात व्हिक्सेन या जपानी कंपनीने लँथॅनम धातू मिसळलेल्या काचेच्या मालिकेत अडीच मिलिमीटरच्या आयपीसलाही २० मिलिमीटर आय रिलीफ दिलं. पेंटॅक्स आणि नॅगलर यांची टेलेव्ह्यू या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. युक्ती अशी की नळीच्या खालच्या टोकाला ऋण (किरण पसरवणारं) भिंग बसवायचं आणि वर लांब नाभीय अंतराची भिंगं ठेवायची. पापण्यांचा त्रास संपला. पण २० मिलिमीटर दूरवरून ७० अंशांचं क्षेत्र पाहायचं तर वरची काच किमान २८ मिलिमीटर रुंद लागते. ८ मिलिमीटर आय रिलीफ आणि ५० अंशांना साडेसात मिलिमीटरची पुरते. आयपीस जाडजूड झाले, आणि आता डोळा हवेत तरंगू लागला. पूर्वी काचच अडवायची. आता अडवायला काहीच नाही: डोळा पाच मिलिमीटर पुढे गेला की ठिपका बाहुलीच्या मागे पडतो आणि सावल्या सुरू.

आयकप खऱ्या अर्थाने यंत्राचा भाग झाला तो इथे. डोळा योग्य अंतरावर थोपवणं हे त्याचं मुख्य काम झालं आणि उजेड अडवणं दुय्यम. म्हणून फिरवून वर येणारे, टकटक करत ठरावीक उंचीवर थांबणारे, सरकवून स्क्रूने पक्के करायचे असे प्रकार आले. भुवईची ठेवण आणि डोळ्याची खोली चेहऱ्यागणिक वेगळी असल्याने एकच उंची सगळ्यांना चालत नाही. कंपनीने छापलेलं २० मिलिमीटर हे काचेपासून मोजलेलं असतं. काच तीन-चार मिलिमीटर आत असेल आणि वर दुमडलेल्या रबराची जाडी आली, तर चष्मेवाल्याच्या वाट्याला पंधराच उरतात. खरेदीआधी कप पूर्ण दाबून चष्म्यासह क्षेत्राची कड दिसते का, एवढं पाहिलं तरी बरीच निराशा टळते.

एका बाजूला पंख असलेले कप शेजारचा उजेड छान अडवतात, पण दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या बायनोव्ह्यूअरवर ते नेमके जुळवावे लागतात आणि जाड आयपीस असतील तर मध्ये नाकाला जागा उरत नाही. शिवाय कप जितका घट्ट बसेल तितकी डोळ्याची वाफ आत कोंडते. थंड रात्री वरची काच मिनिटाभरात धुरकट होते, आणि मग तोच कप थोडा खाली फिरवून हवा खेळती ठेवावी लागते.