ऑइल कूलर निवडताना आकार नव्हे, आतली रचना पाहावी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांत गळका ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचे तेल गार करणारा भाग, घेऊन येणारा गाडीमालक बहुधा एकच मागणी करतो, ‘हाच, पण जरा मोठा द्या.’ मुंबईचा उकाडा आणि सायनपासून ठाण्यापर्यंत मुंगीच्या पावलांनी सरकणारी वाहतूक लक्षात घेतली, तर ही मागणी समजण्यासारखी आहे. परंतु बाहेरून मोठा दिसणारा कूलर तेल अधिक गार करतोच, ही समजूत भौतिकशास्त्राला धरून नाही आणि काही वेळा ती इंजिनाच्या मुळावर येते.

इंजिन ऑइलचे काम केवळ वंगणाचे नसते. जिथे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, पोहोचत नाही, त्या बेअरिंगांची आणि पिस्टनच्या तळाची उष्णताही तेच वाहून आणते. हे तेल साधारणपणे ९० ते ११० अंश सेल्सिअसला राहावे अशी अपेक्षा असते. तापमान त्याहून बरेच वर गेले की तेलाचे ऑक्सिडीकरण झपाट्याने वाढते. ढोबळ नियमानुसार दर १० अंशांमागे त्याचा वेग दुप्पट होतो. मात्र तेल सदैव कोमट राहणेही वाईट, कारण ज्वलनातून त्यात उतरलेली पाण्याची वाफ आणि थोडेसे इंधन तेल पुरेसे तापल्याशिवाय उडून जात नाही आणि आत गाळ धरतो. म्हणून चांगल्या कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप, असतो. तेल सुमारे ८० अंशांपर्यंत तापेपर्यंत तो बहुतेक तेल कूलरला वळसा घालून पुढे पाठवतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे वळू. कूलरच्या नळीतून तेल कसे वाहते, यावर सारे अवलंबून आहे. १८८३ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवले, की प्रवाह कधी एकमेकांवरून सरकणाऱ्या शांत थरांचा असतो, तर कधी घुसळणारा. कोणता प्रवाह मिळेल हे प्रवाहाचा वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची श्यानता, म्हणजेच घट्टपणा, यांवरून ठरते. वेग आणि व्यास यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले की रेनॉल्ड्स अंक मिळतो, आणि सरळ गोल नळीत तो सुमारे २,३०० च्या खाली असेल, तर प्रवाह थरांचाच राहतो. ८ मिलिमीटर व्यासाची नळी आणि सेकंदाला १ मीटर वेग धरू. ९० अंशांच्या पाण्यासाठी हा अंक २४,००० च्या आसपास येतो, तर १०० अंशांच्या १५डब्ल्यू-४० या श्रेणीच्या इंजिन ऑइलसाठी, ज्याची श्यानता तेव्हा सुमारे १४ सेंटिस्टोक्स (श्यानतेचे एकक) असते, तो जेमतेम ५७० भरतो.

याचा अर्थ असा, की साध्या नळीत तेल घुसळतच नाही. भिंतीला चिकटलेला थर गार होतो, गार झाल्यामुळे आणखी घट्ट होतो, आणि मधले गरम तेल भिंतीला न भेटताच पुढे निसटते. त्यात तेलाची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश असल्याने तो गार थर एखाद्या गोधडीसारखा आतली उष्णता आतच राखतो. नळी लांब केली, तर हा थर उलट अधिक जाड होत जातो. यावरचा उपाय फार सुंदर आहे. चांगल्या कूलरच्या सपाट वाहिनीत काही मिलिमीटर लांबीच्या, एकमेकींच्या जागा चुकवून बसवलेल्या पातळ धातुपट्ट्यांची जाळी असते. तेलाचा सीमास्तर, म्हणजे धातूला चिकटलेला तो गार थर, पहिल्या पट्टीवर वाढू लागतो न लागतो तोच ती पट्टी संपते आणि पुढच्या पट्टीवर तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. प्रवाह थरांचा असूनही थर जाड होण्यास उसंतच मिळत नाही, आणि पट्ट्यांमुळे धातूचा पृष्ठभागही वाढतो. बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन कूलर याच जाळीमुळे वेगवेगळे वागतात.

या जाळीची किंमत तेलाच्या दाबात मोजावी लागते. थरांच्या प्रवाहात नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढेच तेल ढकलण्यासाठी १६ पट दाब लागतो. त्यामुळे अरुंद होज (तेलाची लवचिक नळी) किंवा भलत्या मापाची जोडणी लावली, तर कूलर कितीही उत्तम असला तरी बेअरिंगांपर्यंत दाब पुरेसा पोहोचेल याची खात्री राहत नाही. म्हणून मूळ भागाचा क्रमांक, जोडण्यांचा आतला व्यास, आट्यांचे माप आणि थर्मोस्टॅटची सोय या चार गोष्टी जुळल्याखेरीज केवळ बसतो म्हणून कूलर घेऊ नये. तसेच बेअरिंग झिजून धातूचा चुरा तेलात गेला असेल, तर जुना कूलर धुऊन वापरू नये. तोच चुरा जाळीत अडकून राहतो आणि पुढे नव्या इंजिनात जातो. तेलाचे तापमान उतरवण्याचा दावा करणाऱ्या बाटल्या आणि बंपरला टांगलेली लिंबू-मिरची यांपैकी एकाचाही या उष्णतेच्या देवघेवीशी काही संबंध नाही. तो पैसा नव्या ओरिंगांवर, म्हणजे जोडण्यांतील गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांवर, खर्च करावा.

हवेवर चालणारा कूलर, जसा रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० सारख्या मोटारसायकलींच्या पुढे दिसतो, तो गाडी उभी असताना वारा नसल्याने फारसे काही करू शकत नाही. मोटारीत असा कूलर पंख्याच्या ओढीत आणि रेडिएटरची हवा न अडवता बसवावा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनिअमच्या बाहेरच्या पात्या गंजून मूळ नळीपासून सुटतात, म्हणून जुना कूलर विकत घेताना बोटाने त्या हलतात का ते पाहावे. फिल्टरच्या बैठकीखाली बसणारा कूलंटवरचा कूलर आतून फुटला असेल, तर चालत्या इंजिनात तेलाचा दाब जास्त असल्याने तेल कूलंटमध्ये शिरते आणि कूलंटच्या टाकीत कॉफीच्या रंगाची साय दिसते. इंजिन बंद झाल्यावर उलट कूलंट तेलात उतरू शकतो. अशा वेळी कूलर बदलण्याबरोबरच कूलंटची सगळी वाट धुऊन तेल आणि फिल्टरही बदलावे लागतात. नवा कूलर बसवल्यावर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे, थोडे थांबून तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक पाहावी आणि कूलरमध्ये भरले गेलेले तेवढे तेल वरून घालावे.