मुलांची इमर्जन्सी आणि मुलांचं आयसीयू: डॉक्टर वेगळे का?

बालरोगशास्त्रात एमडी करणाऱ्यांचाही इथे गोंधळ होतो. गंभीर मूल, मॉनिटर, सलाईन, धावपळ दोन्हीकडे आहेच. फरक आहे तो मुलाबद्दल आपल्याला किती ठाऊक आहे यात.

इमर्जन्सीत मूल येतं तेव्हा निदान नसतं, कधी वजनही माहीत नसतं. हात लावण्याआधी काही सेकंदांत तीन गोष्टी टिपायच्या: मूल आईकडे बघतंय की मलूल पडलंय, श्वासाला कष्ट पडताहेत का, आणि त्वचेचा रंग. वजन करायला वेळ नसेल तर ब्रोसेलो टेप अंथरून लांबीवरून अंदाज घ्यायचा, कारण डोस किलोवर ठरतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) ॲड्रिनॅलिन किलोमागे ०.०१ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. म्हणजे १० किलोच्या मुलाला १ मिग्रॅ/मिलीच्या ॲम्प्यूलमधलं जेमतेम ०.१ मिली. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट! म्हणून १ मिलीचीच सिरिंज घ्यायची, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याकडून ताडून घ्यायचा. शॉकमधल्या (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) मुलाची शीर सापडेना तर टोचत बसायचं नाही. गुडघ्याखाली नडगीच्या हाडात सुई घालायची.

आयसीयूत तेच मूल पोचतं तेव्हा वजन, शीर, निदानाचा अंदाज हाताशी असतो. तिथलं काम तासातासाचं: व्हेंटिलेटर, रक्तदाबाची औषधं, पाण्याचा जमाखर्च. चुकाही सावकाश साचतात, दोन दिवसांनी फुप्फुसं पाण्याने भरलेली दिसतात.

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गातून आलेल्या शॉकमध्ये, दोन्ही विभागांचा सांधा दिसतो. पहिल्या तासात अँटिबायोटिक आणि किलोमागे १०–२० मिलीचे बोलस, म्हणजे शिरेतून एकदम दिलेलं सलाईन. प्रत्येक बोलसनंतर यकृत वाढलंय का, छातीत क्रेपिटेशन (श्वासासोबतचे करकर आवाज) आहेत का, हे बघायचं. पण सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेची २०२०ची मुलांसाठीची मार्गदर्शिका सांगते की आयसीयूची सोयच नसेल आणि रक्तदाब पडलेला नसेल, तर बोलस देऊ नये. ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्याने हे पाठच करावं.

प्रशिक्षणाची वर्षं अमेरिकेत सारखीच दिसतात: ३ वर्षं बालरोग रेसिडेन्सी, वर ३ वर्षं फेलोशिप. मात्र मुलांच्या इमर्जन्सीची फेलोशिप इमर्जन्सी मेडिसिन केलेल्यांनाही खुली आहे. भारतात आयसीयूकडे वळणाऱ्याला एमडीनंतर ३ वर्षांचं डीएम (सुपरस्पेशालिटी पदवी) पीडिॲट्रिक क्रिटिकल केअर आहे.

शिकवण्याची पद्धत मात्र पार निराळी. आयसीयूत राउंडवर एका मुलावर अर्धा तास बोलता येतं. इमर्जन्सीत रेसिडेंट आधी बघतो, दोन मिनिटांत केस सांगतो, आणि शिक्षकाचा पहिला प्रश्न ‘यात सगळ्यात वाईट काय असू शकतं?’ हा असतो. त्याहून अवघड म्हणजे तापाच्या कुठल्या मुलाला निर्धास्त घरी पाठवायचं, हे शिकवणं. शिफ्ट संपली की मूल नजरेआड होतं. तेव्हा रेसिडेंटला दुसऱ्या दिवशी वॉर्डात किंवा आयसीयूत फोन करून शेवटी निदान काय निघालं ते विचारायला लावायचं, आणि घरी पाठवलेल्यांपैकी कोण परत आलं याची यादी काढायला लावायची.