चहाचे भांडे आणि भांड्यातून चहात उतरणारे धातू

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक असते आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात आमसुलाची आमटी कोणी करत नाही. कळकणे म्हणजे पदार्थातील आम्लाने भांड्यातील तांबे आणि जस्त विरघळवून स्वतःत घेणे. चहाही सौम्य आम्लधर्मी असतो, तरी त्याच्या भांड्याबाबत ही सावधगिरी सहसा बाळगली जात नाही. कोऱ्या चहाचा सामू (पीएच, हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ५ च्या आसपास असतो, दूध घातल्यावर तो ६ च्या पुढे सरकतो आणि लिंबू पिळल्यावर ४ च्याही खाली उतरतो. भांड्याचा धातू चहात किती उतरेल, हे या आंबटपणावर, उष्णतेवर आणि चहा भांड्यात किती वेळ राहिला यावर ठरते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी साधारण ९८.५ अंश सेल्सिअसला उकळते, पण दीड अंशाने भांड्याची झीज कमी होत नाही. माझ्या मते या तिन्हींत सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती वेळ.

ज्याला आपण ‘जर्मन’ म्हणतो ते ॲल्युमिनियमचे पातेले स्वस्त, हलके आणि लवकर तापणारे असल्यामुळे चहाच्या गाड्यांवर सर्रास दिसते. या धातूवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. मात्र हा थर आम्लातही विरघळतो आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थातही. म्हणून दहा मिनिटांत उकळून गाळलेला दुधाचा चहा आणि दिवसभर मंद आचेवर त्याच पातेल्यात आटत राहिलेला चहा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पाणी उकळून उकळून जर्मनचे पातेले आतून काळपट पडते, तेव्हा तो थर अधिक जाड झालेला असतो. तो मळ समजून तारेच्या घासणीने पातेले आरशासारखे लख्ख करण्याचा आपल्याकडचा आग्रह येथे उलट परिणाम करतो. चहाचे झाड स्वतःच मातीतून ॲल्युमिनियम शोषून पानांत साठवते, त्यामुळे काचेच्या भांड्यात केलेल्या चहातही लिटरमागे काही मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असते, पण त्यातील बराचसा भाग पॉलिफेनॉलांशी, म्हणजे चहाला तुरटपणा देणाऱ्या घटकांशी, बांधलेला असल्याने शरीरात फारच थोडा शोषला जातो. अन्नातील घटकांवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ॲल्युमिनियमची सुसह्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २ मिलिग्रॅम अशी ठरवली. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ती १२० मिलिग्रॅम होते, तेव्हा घरच्या दोन कपांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. खरी काळजी वेगळीच आहे. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांत शिसे मिसळलेले असू शकते, आणि शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला आहे. खरेदी करताना ते चिन्ह पाहूनच भांडे घ्यावे.

रोजच्या चहासाठी मी स्टेनलेस स्टीलचे पातेले निवडीन. त्यातील किमान १०.५ टक्के क्रोमियम ऑक्साइडचा जो थर तयार करते, तो चहाच्या सौम्य आम्लाला चांगला टिकतो. पितळ किंवा तांबे वापरायचे तर कल्हई अखंड हवी आणि ती शुद्ध कथिलाचीच हवी, कारण कथिलात शिसे मिसळलेले असेल तर संरक्षणासाठी दिलेला थरच अपायकारक ठरतो. बिडाच्या किंवा लोखंडी भांड्यात चहा काळानिळा पडतो. लोह आणि पॉलिफेनॉल यांच्या संयोगाचा तो रंग असतो, जुनी शाईही याच अभिक्रियेने बनत असे.

चिनी मातीच्या कपबशीत माती निरुपद्रवी असते, प्रश्न झिलईचा असतो. कमी तापमानाला भाजलेल्या झिलईत ती लवकर वितळावी आणि चकाकावी म्हणून शिसे वापरले जात असे, तर भडक लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकते. अशा भांड्यांची प्रयोगशाळेत चाचणी घेताना ४ टक्के ॲसेटिक आम्ल त्यांत २४ तास ठेवून त्यात उतरलेले शिसे आणि कॅडमियम मोजतात. घरी ही चाचणी शक्य नसल्यामुळे आतून पांढरा, नक्षी फक्त बाहेर आणि ओठ टेकतो त्या काठापासून दूर असलेला कप घ्यावा. झिलईला बारीक तडे गेलेला जुना कप, कितीही आवडता असला तरी, शोभेसाठी ठेवावा. झिलई नसलेल्या कुल्हडात हा धोका उरत नाही, मात्र तो सच्छिद्र असल्यामुळे एकदाच वापरणे उत्तम. काचेच्या पेल्यात चहा सर्वांत निर्धोक असतो. जाड साधी काच उकळत्या चहाने तडकते, बोरोसिलिकेट काच उष्णतेने तिच्या जवळपास एक तृतीयांशच प्रसरण पावत असल्यामुळे टिकते.

कागदी कपाला आतून प्लास्टिकचे पातळ अस्तर असते. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटे राहिल्यास त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. यंत्रमागाच्या कारखान्यांत आणि बाजारपेठेतील दुकानांत गरम चहा पॉलिथिनच्या पिशवीतून नेला जातो, तेव्हा पिशवीचे प्लास्टिक उकळत्या चहाने मऊ पडते, आणि रोज पाच-सहा वेळा असा चहा पिणाऱ्या कामगारांसाठी स्टीलची किटली आणि काचेचे पेले पाठवणे चहावाल्याला मुळीच अशक्य नाही. गाळणीही स्टीलच्या जाळीचीच असावी. लिंबाचा चहा हवा असेल तर लिंबू पातेल्यात न पिळता, चहा गाळून झाल्यावर पेल्यात पिळावे.