फ्लो ग्राफ आणि डॅग: चौकटी सारख्या, बाण वेगळे

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या कंपायलर प्रॅक्टिकलच्या फायली चाळल्या की एकच गोंधळ दिसतो. चौकटी आणि बाण असलेलं कुठलंही चित्र चिकटवायचं आणि खाली लिहायचं ‘फ्लो ग्राफ’. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाचा सिलेक्शनडॅगसुद्धा (मशीनच्या सूचना निवडण्यासाठी बनवलेला डॅग, म्हणजे बाणांना दिशा असलेला पण फेरा नसलेला ग्राफ) त्याच नावाखाली खपतो. व्हायव्हात मग त्यावर बोट ठेवून ‘आधी हे चालतं, नंतर हे’ असं सांगितलं जातं, आणि ते साफ चूक असतं.

कंट्रोल फ्लो ग्राफ बहुतेकांना येतो: चौकट म्हणजे बेसिक ब्लॉक (मधे उडी नसलेला सलग सूचनांचा तुकडा), बाण म्हणजे उडी, लूप असेल तर एक बाण मागे वळतो. तो काढायला उबुंटूत ॲप्टनं क्लँग (सीचा कंपायलर), एलएलव्हीएम आणि ग्राफव्हिझ (डॉट फाइलचं चित्र काढणारं टूल) टाकलं की पुरे. क्लँगकडून ‘-एस -एमिट-एलएलव्हीएम’नं एलएल फाइल (एलएलव्हीएमच्या मधल्या भाषेतला कोड) घ्या आणि ती एलएलव्हीएमच्या ऑप्ट या टूलला ‘-पासेस=डॉट-सीएफजी’ व ‘-डिसेबल-आउटपुट’ लावून द्या. ‘फाइलच तयार झाली नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. फाइल झालेली असते, पण तिचं नाव टिंबानं सुरू होतं, म्हणून साध्या ‘एलएस’ला दिसत नाही, ‘एलएस -ए’ करा. चित्र एसव्हीजीमध्येच काढा. पीएनजीत ना शोधता येतं, ना मोठं करून वाचता येतं.

आता डॅग. दोन्हींतला खरा फरक बाणाच्या अर्थात आहे. फ्लो ग्राफचा बाण सांगतो, ‘यानंतर कंट्रोल तिकडे जाऊ शकतो’. डॅगचा बाण सांगतो, ‘मला त्याची गरज आहे’. म्हणून तो वापरणाऱ्याकडून निघतो आणि पुरवणाऱ्याकडे जातो. एलएलव्हीएम हे चित्र खालून वर मांडतं: एंट्रीटोकन (ब्लॉकची सुरुवात) वर, ग्राफरूट तळाशी, बाण वर चढणारे. तळाचा ग्राफरूट ब्लॉकचा शेवट दाखवतो. तिथून सुरुवात धरली की पुढचं सगळं वाचन उलटं होतं.

ज्या दोन नोड्सना (डॅगच्या चौकटींना) जोडणारी वाटच नाही, त्यांच्यात क्रमही नाही. एक वर छापलाय आणि एक खाली, याला काही अर्थ नसतो. चादरीच्या कारखान्यात ताण्याचं सूत आधी रंगवलं की बाण्याचं, याला महत्त्व नाही. यंत्रमागावर जाण्याआधी दोन्ही रंगलेलं असलं म्हणजे झालं. डॅग एवढंच सांगतो. प्रत्यक्ष क्रम पुढे शेड्युलर (कंपायलरचा सूचना ओळीनं लावणारा भाग) ठरवतो.

मग मेमरीचं काय? एक छोटं फंक्शन घ्या: पी आणि क्यू हे दोन पॉइंटर आणि ए हा पूर्णांक. पीच्या जागी ‘ए अधिक १’ लिहायचं आणि क्यूच्या जागचं मूल्य परत करायचं. डॅगमध्ये स्टोअरकडून (मेमरीत लिहिणं) ॲडकडे (बेरीज) काळा, अखंड बाण जातो. ही किमतीची (व्हॅल्यूची) गरज. लोडकडून (मेमरीतून वाचणं) स्टोअरकडे मात्र निळी, तुटक रेघ जाते. तिच्यातून कुठलीच किंमत वाहत नाही. पी आणि क्यू एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर लोड आधी करून चालणार नाही, एवढंच ती सांगते. हिला चेन म्हणतात. जाड लाल रेघ म्हणजे ग्लू: ते दोन नोड शेड्युलिंगमध्ये एकमेकांना चिकटून राहिलेच पाहिजेत. तीन रेघांतला हा फरक न सांगता काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये डॅग छापणं मला अजिबात पटत नाही.

लूप डॅगमध्ये शोधू नका. प्रत्येक बेसिक ब्लॉकचा डॅग वेगळा असतो. दुसऱ्या ब्लॉकमधून आलेली किंमत कॉपीफ्रॉमरेग म्हणून येते आणि बाहेर जाणारी कॉपीटूरेग म्हणून जाते.

डॅगचं चित्र काढताना खरी अडचण येते. डॅग खिडकीत दाखवणारा एलएलसीचा (एलएल फाइलचा मशीन कोड बनवणाऱ्या टूलचा) ‘-व्ह्यू-आयसेल-डॅग्ज’ हा पर्याय असर्शन (कंपायलरच्या आतल्या तपासण्या) बंद असलेल्या नेहमीच्या रिलीज बिल्डमध्ये नसतोच. एलएलसी ‘अननोन कमांड लाइन आर्ग्युमेंट’ म्हणतं. ग्राफव्हिझ पुन्हा पुन्हा टाकून काही होत नाही. एलएलव्हीएम स्वतः बिल्ड करावं लागतं. पूर्ण डीबग बिल्डच्या मागे लागू नका, त्याची लिंकिंग ८ जीबीच्या लॅपटॉपला झेपत नाही. बिल्ड टाइप रिलीज, ‘एलएलव्हीएम_एनेबल_असर्शन्स’ ऑन, टार्गेट फक्त एक्स८६, ‘एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्ज’ १, आणि निंजाला (बिल्ड चालवणाऱ्या टूलला) फक्त ऑप्ट आणि एलएलसी सांगा. एप्रिल-मे असेल तर बिल्ड रात्री लावा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात लॅपटॉप तापून मंदावतो.

तरीही खिडकी उघडली नाही, तर एलएलसीला ‘-ओ०’ दिलंय का बघा. एक्स८६वर तेव्हा फास्टआयसेल (डॅगशिवाय झटपट सूचना निवडणारी पद्धत) चालतं आणि डॅग बहुतेक बनतच नाही. एलएल फाइल मात्र क्लँगच्या ‘-ओ१’नं घ्या, नाहीतर प्रत्येक व्हेरिएबलमागे लोड-स्टोअरची गर्दी होते.

मोठ्या फंक्शनला ब्लॉकमागे एक अशा ढिगानं खिडक्या उघडतात. ‘-फिल्टर-व्ह्यू-डॅग्ज’ला ब्लॉकचं अचूक नाव द्या, जसं ‘फॉर.बॉडी’. पॅकेजमधलं क्लँग ही नावं टाकून देतं आणि नुसते आकडे उरतात, त्यामुळे एलएल फाइल काढतानाच ‘-एफनो-डिसकार्ड-व्हॅल्यू-नेम्स’ लावा.