योसेमिटीतील रानमुक्कामाचा परवाना आणि अस्वलरोधक डब्याची अट

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन रानात रात्र काढायची असेल, तर वर्षातील कोणत्याही दिवशी ‘विल्डरनेस परमिट’, म्हणजे रानमुक्कामाचा परवाना, घ्यावाच लागतो. दिवसभर चालून संध्याकाळी परतणाऱ्यांना तो लागत नाही. मात्र हाफ डोम या उद्यानातील खडकाळ शिखरावर तारा धरून चढायच्या वाटेसाठी वेगळी परवानगी असते.

परवान्यांची संख्या प्रत्येक ट्रेलहेडसाठी, म्हणजे पायवाट जिथून सुरू होते त्या ठिकाणासाठी, दररोज ठरलेली असते. त्यामुळे अर्जात निघण्याची तारीख, ट्रेलहेड आणि माणसांची संख्या या तीन गोष्टींना खरे महत्त्व आहे. उन्हाळी हंगामातील ६० टक्के जागा निघण्याच्या २४ आठवडे आधी ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर सोडतीने दिल्या जातात, तर उरलेल्या ४० टक्के जागा सात दिवस आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, तिथेच खुल्या होतात. अर्जाचे १० डॉलर शुल्क परत मिळत नाही. परवाना मिळाल्यास त्यावर माणशी ५ डॉलर भरावे लागतात. उद्यानाचे प्रवेशशुल्क याहून वेगळे आहे. पायवाटेने जाणाऱ्या गटात जास्तीत जास्त १५ जण, तर वाट सोडून चालणाऱ्या गटात ८ जण असू शकतात. सोडतीत गर्दीच्या एकाच ट्रेलहेडवर अडून न बसता दोन-तीन पर्याय देणे शहाणपणाचे ठरते.

आरक्षण मिळाले म्हणजे परवाना हाती आला असे नव्हे. तो निघण्याच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी उद्यानातील परवाना केंद्रावर प्रत्यक्ष घ्यावा लागतो. निघण्याच्या दिवशी सकाळी ११ पर्यंत कोणी पोहोचले नाही आणि उशीर होत असल्याचे आधी कळवलेही नाही, तर आरक्षण रद्द होते. ज्याच्या नावावर आरक्षण आहे त्याने छायाचित्र असलेले ओळखपत्र बाळगावे. कागदपत्रे एवढीच.

पण अनेकांची अडचण होते ती अस्वलरोधक डब्यापाशी. ‘बेअर कॅनिस्टर’ नावाचा हा कठीण, गुळगुळीत, गोल डबा योसेमिटीच्या रानात सक्तीचा आहे. कापडी पिशव्या, मग त्या कितीही चिवट असोत, इथे चालत नाहीत आणि झाडाला शिधा टांगणे नियमबाह्य आहे. त्यामागे अनुभव आहे: इथली काळी अस्वले दोर कुरतडायला शिकली, पिल्लांना बारीक फांदीवर पाठवू लागली, आणि ही विद्या आईकडून पिल्लांकडे जात राहिली. डब्याला मात्र दात किंवा नखे रोवायला जागाच मिळत नाही. स्वतःचा डबा नसेल तर परवाना केंद्रावर तो भाड्याने मिळतो.

माझ्या मते मुक्काम किती दिवसांचा, हे रजेवरून नव्हे तर डब्याच्या आकारावरून ठरवावे. मोठ्या डब्यात साधारण ११ लिटर जागा असते आणि तो रिकामाच सव्वा किलोच्या आसपास भरतो. रात्री त्यात केवळ जेवण नव्हे, तर टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांचे मलम आणि खरकटा कचरा, असे वास येणारे सारे मावले पाहिजे. पहिल्या दिवशी वाटेत संपणारा खाऊ तेवढा बाहेर राहिला तरी चालतो. म्हणून पदार्थ मूळ खोक्यांतून काढून, हवा दाबून लहान पिशव्यांत भरावेत, आणि ही भरणी घरीच एकदा करून पाहावी. ट्रेलहेडवर झाकण लागत नाही असे कळणे फार उशिराचे असते.

मुक्कामाला डबा तंबूपासून दूर, सपाट जमिनीवर ठेवावा, कडा किंवा पाण्याजवळ नको, कारण अस्वलाने ढकलल्यास तो घरंगळत जातो. त्याला दोर बांधू नये, नाहीतर अस्वलाला ओढून न्यायला मूठच मिळते. झाकण प्रत्येक वेळी पूर्ण बंद करावे. अर्धवट लावलेला डबा हा उघडाच डबा. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवून लावणारा तिखट फवारा, बाळगायला योसेमिटीत मनाई आहे, हे इतर उद्यानांतून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मागे राहिलेल्या गाडीचाही विसर पडू नये. काचेमागचे अन्नही अस्वल दार वाकवून काढते, त्यामुळे उरलेला शिधा ट्रेलहेडजवळच्या लोखंडी पेट्यांत ठेवून पेटीची कडी नीट लावावी. अन्न चुकीच्या रीतीने ठेवल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडी जप्तही होऊ शकते.